माडीवरची कोरफड

"गेल्या सहा महिन्यांत अँटिबायोटिकची एकही गोळी घेतली नाही, असं तुमच्या घरात कोण आहे?" डॉ. गद्रेंनी विचारलं.

प्रश्न साधा होता. आमच्या ह्यांनी मोजायला हात वर केला आणि अंगठा करंगळीवरच अडकला. त्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी घसा खाकरला.

"सगळ्यांनी घेतलीय," अण्णा म्हणाले. "मी स्वतः दिलीय. पूर्ण कोर्स."

आणि खरं सांगते, हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता.

बारा-तेरा वर्षं झाली या गोष्टीला. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी चाकाच्या खुर्चीवर बसले होते. बसले कसली, वाळलेली साडी घडी करून ठेवावी तशी ठेवलेली होते. भरल्या अंगाची बाई मी, पण हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या होत्या. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला माझे सासरे अण्णा, आणि दाराशी कपड्यांची पिशवी पोटाशी धरून माझी धाकटी जाऊ कांचन उभी होती. सोबत बाईमाणूस हवं म्हणून तिला आणलेलं.

आता अण्णा म्हणजे कोण ते सांगायला हवं. तासगावात बाजारपेठेत आमचं मेडिकल, 'शेटे मेडिकल'. अण्णांनी काढलेलं. गावात लोक म्हणायचे, डॉक्टर काय सांगतो ते ऐकून घ्यावं आणि अण्णा काय देतात ते गिळावं. दुकानात हा भाव, मग घरात काय विचारता! पाऊस उघडला, हवा बदलली, कुणाचं नाक गळायला लागलं, की त्या रात्री जेवणं झाल्यावर अण्णा झोपाळ्यावर बसायचे आणि आम्ही सगळे पुढे ओळीनं. देवळात तीर्थाला करतो तसा उजवा हात पुढे करायचा. अण्णा स्ट्रिपमधून गोळी काढून तळहातावर ठेवायचे. पाण्याचं फुलपात्र आधी सासूबाई द्यायच्या, त्या गेल्यावर माझ्याकडे आलं. शिंका एकाला आल्या तरी कोर्स सगळ्यांना. "घरात शिरलाय म्हणजे फिरणार सगळ्यांत, आधीच बंदोबस्त केलेला बरा," असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्याच्या घरी लाडू वळत असतील, आमच्याकडे स्ट्रिपा फुटत होत्या. पण एक सांगते, त्यात कंजूषपणा नव्हता की धंदा नव्हता. माया होती. अण्णांचा जीव होता आमच्यावर आणि तो ते स्ट्रिपमधून काढून द्यायचे.

तर झालं काय, त्या वर्षी माझी दाढ ठणकायला लागली. एक कोर्स झाला. दाढ काढली, म्हणून दुसरा. मग घसा खवखवला, म्हणून तिसरा, जरा वरच्या ताकदीचा. आणि मग लागले जुलाब. साधे नव्हेत. दिवसात किती वेळा, ते मोजायचं मी सोडून दिलं. पोटात असा पीळ पडायचा की भिंत धरून उभं राहावं लागायचं. अण्णांनी जुलाबाच्या गोळ्या दिल्या, आणि त्याही त्याच जातीच्या. म्हणजे आगीवर पाणी म्हणून जे ओतलं ते रॉकेल निघालं. शेवटी मिरजेला नेलं, तिथं तपासणीत नेमका आजार सापडला. मोठं औषध सुरू झालं, आठवड्यात मी उठून बसले, घरी आले, पुरणपोळीचा बेत ठरवला आणि पुरण शिजायच्या आत पुन्हा अंथरुणाला खिळले. असं तीनदा झालं. औषध असेस्तोवर बरी, औषध संपलं की मागले पाढे पंचावन्न.

म्हणून पुणे. डॉ. गद्रे साठीच्या आसपासचे, सावकाश बोलणारे. त्यांनी मला विचारलं, "ताई, घरी दही लावता की विकतचं आणता?"

मी मेलेली असते तरी ह्या प्रश्नाला उठून बसले असते. "विकतचं? आमच्या घरात सासूबाईंच्या हातचं विरजण चालत आलंय डॉक्टर. एक दिवस मोडलेलं नाही."

"आणि समजा मोडलं. सगळं नासलं, चमचाभरसुद्धा राहिलं नाही. मग काय कराल?"

"शेजारून मागून आणीन."

ते म्हणाले, तुमच्या पोटाचं तेच झालंय. आपल्या आतड्यात म्हणे कोट्यवधी जिवाणू असतात, बहुतेक आपल्या भल्याचे. अन्न पचवायला मदत करतात, आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात, त्यामुळे वाईटाला पाय ठेवायला मिळत नाही. अँटिबायोटिक आत गेलं की त्याला आपला-परका कळत नाही. आजाराचे जंतू मरतात, त्यांच्यासोबत हे भले लोकही मरतात. मग रिकाम्या रानात एखादं चिवट तण माजतं तसा एक जिवाणू माजतो आणि आतड्यात विष सोडत राहतो. औषधानं तो मरतो, पण त्याचं बी तगून राहतं. रान रिकामंच असतं, पुन्हा उगवतो. "तेव्हा मारत बसण्यात अर्थ नाही," डॉक्टर म्हणाले. "रान भरायला पाहिजे. निरोगी माणसाच्या पोटातलं विरजण आणून तुमच्या पोटात लावायचं."

"पोटातलं विरजण म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. निरोगी माणसाची ताजी विष्ठा, सगळ्या तपासण्या करून, पातळ करून, गाळून, नळीनं माझ्या आतड्यात सोडायची.

ह्यांनी टेबलावरचं डॉक्टरांचं पाणी उचलून पिऊन टाकलं. अण्णा छताकडे बघत बसले. मला मात्र काही वाटलं नाही. चार महिने पोटानं माझी सगळी लाज काढून घेतली होती, उरली होती ती जगायची हाव. मी विचारलं, "आणि हे केलं नाही तर?"

 डॉक्टर म्हणाले की ताप चढायला लागलाय, आतडं सुजलंय. असंच चाललं तर मोठं आतडं काढावं लागेल, आणि माझी ताकद बघता त्या टेबलावरून मी उठेन याची खात्री ते देऊ शकत नाहीत.

म्हणून तो प्रश्न. देणारा माणूस धडधाकट हवा आणि त्याचं स्वतःचं रान शाबूत हवं. आणि आमच्या घरात, ज्या घरातून निम्म्या तालुक्याला औषध जातं, त्या घरात एकही माणूस शाबूत नव्हता. माझा मुलगा, हे, दीर उदय, त्याची लहानगी पोर, अण्णा स्वतः, सगळ्यांनी त्याच हंगामात झोपाळ्यापुढे हात पसरलेले. अण्णा एकेकाचं नाव घेत होते आणि दर नावागणिक त्यांचा आवाज खाली जात होता. "आणि ही कांचन," ते शेवटी म्हणाले, "हिलापण दिला. पूर्ण."

कांचन दाराशी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी होती. 

मग सुरू झाली शोधाशोध. ह्यांनी खाटेशेजारी बसून फोन लावले. निपाणीचा माझा भाऊ एका पायावर तयार, पण त्याच्या दुसऱ्या पायाला साखरेची जखम आणि तिच्यासाठी इंजेक्शनं चालू. मामेबहिणीला नुकताच टायफॉइड झालेला. ह्यांचा एक जिगरी दोस्त आहे, नाव नको घ्यायला, तो म्हणाला, वहिनींसाठी काळीज मागा. ह्यांनी काय पाहिजे ते सांगितलं. त्यानंतर तीन दिवस त्याचा फोन रेंजच्या बाहेर. रक्त मागितलं असतं तर तासगावहून ट्रकभर माणसं आली असती. मी त्याला दोष देत नाही. पण मला तेव्हा कळलं, की माणूस देवाघरी जाऊ शकतो तो औषध नाही म्हणून नव्हे, तर जगात कुणी मागायला तयार नाही आणि कुणी द्यायला तयार नाही म्हणूनसुद्धा.

डॉक्टर ओळखीपाळखीत विचारत होते. त्यांनी सांगितलं की कुणी मिळालं तरी तपासण्यांना वेळ जाईल. माझ्याकडे वेळच तर नव्हता. ताप उतरेना. अण्णा कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून असायचे, धोतराचा सोगा हातात घेऊन. जेवायचे नाहीत. चाळीस वर्षं ज्या हातानं गोळ्या दिल्या, तो हात ते उलटापालटा करून बघत बसायचे, असं मला हे सांगायचे.

आणि माझ्यापाशी असायची कांचन. हिच्याबद्दल काय सांगू? उदयची बायको, कवठेमहांकाळकडची. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, पण घरात ती आहे हे भांड्याच्या आवाजानं कळावं, इतकी मुकी. ती माडीवर राहायची, स्वयंपाक एकत्र. आमचं फार गूळपीठ नव्हतं आणि भांडणही नव्हतं. तिच्या आमटीत मीठ कमी आणि माझ्या बोलण्यात जास्त, एवढाच काय तो आमच्यात फरक. पण त्या हॉस्पिटलात तिनं माझं जे केलं ते पोटच्या मुलीनं केलं नसतं. मला पुसायची, धुवायची, चादरी बदलायची आणि तोंड असं ठेवायची जसं काही कपबशा विसळतेय. मला रडू यायचं ते दुखण्यानं नव्हे, तिच्या त्या तोंडाकडे बघून यायचं.

एका दुपारी ती माझे केस विंचरत होती. केस म्हणजे उरलेसुरले. मधेच म्हणाली, "ताई, अण्णा एकदा रागावले तर किती दिवस बोलत नाहीत?"

मला वाटलं, उदयनं दुकानात काही तरी घोळ घातला. मी म्हटलं, मला काय ठाऊक, माझ्यावर कधी रागावले नाहीत.

"फसवलेलं खपत नाही ना त्यांना?"

"कुणाला खपतं?" मी म्हटलं. "काय असेल ते बोलून टाक बाई. मी आता कुणाचं गुपित नेणार कुठं? वरच ना?"

मी थट्टेनं म्हटलं होतं. तिनं फणी खाली ठेवली आणि ढसाढसा रडायला लागली. मला उठून तिच्या पाठीवर हात ठेवायचीसुद्धा ताकद नव्हती. तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले, मागोमाग हे आणि अण्णा. कांचननं पदरानं तोंड पुसलं, उभी राहिली, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "डॉक्टर, माझं चालेल का?"

डॉक्टर म्हणाले, "पण तुम्ही कोर्स घेतलाय ना?"

"नाही घेतला."

अण्णा हळूच म्हणाले, "कांचन, तू विसरलीस. माझ्या हातानं दिलाय तुला. समोर पाणी प्यायलीस."

"पाणी प्यायले अण्णा. गोळी गालात होती."

  अण्णांनी विचारलं, "ह्या खेपेची?"

"सगळ्या खेपांची," कांचन म्हणाली. "लग्न होऊन आल्यापासूनची."

मग ते बाहेर आलं, अडखळत, जमिनीकडे बघत. लहानपणी तिच्या घशात गोळी अडकली होती, जीव जातो की राहतो अशी वेळ आलेली. तेव्हापासून गोळी जिभेवर ठेवली की घसा आवळतो, उलटी येते. माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं. पण लग्न ठरलं मेडिकलवाल्यांच्या घरात. तिच्या आईनं निघताना कानात सांगितलं, पोरी, हे तिथं बोलू नकोस, मेडिकलवाल्याच्या सुनेला गोळी गिळता येत नाही म्हटल्यावर गाव हसेल. ही बोलली नाही. पहिल्या वर्षी लाजेनं, मग भीतीनं, आणि मग इतका काळ लोटला की सांगायची सोयच राहिली नाही. झोपाळ्यापुढे हात पसरायची, गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची, आणि ओठ मिटून माडीवर जायची.

मी पडल्या पडल्या हिशेब लावला. दर हंगामात घरात ताप यायचा. आम्ही सगळे अण्णांच्या गोळ्या गिळून चार दिवसांत बरे व्हायचो. ही न गिळता चार दिवसांतच बरी व्हायची. नऊ वर्षांत कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि बाहेर निघून गेले. कांचन माझ्या खाटेची दांडी धरून उभी होती. डॉक्टर कामाचे गृहस्थ. त्यांनी घरातल्या रागालोभाची वाट पाहिली नाही. नर्सला बोलावून कांचनच्या रक्ताच्या आणि बाकीच्या सगळ्या तपासण्या लिहून दिल्या आणि म्हणाले, निकाल चांगले आले तर एक दिवसही थांबायचं नाही.

अण्णा बऱ्याच वेळानं परतले. कपाळाला अंगारा होता, म्हणजे आवारातल्या गणपतीला जाऊन आले होते. कांचन डोक्यावरचा पदर सारखा करून भिंतीला लागली. ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "जन्मभर मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, कोर्स अर्धवट सोडू नका. तू सुरूच केला नाहीस."

कांचननं पदराचं टोक मुठीत धरलं.

"माझ्या धाकानं ह्या हंगामातल्या चार गोळ्या जरी गिळल्या असत्यास, तर आज मी ह्या जयमालेच्या पोराच्या तोंडाकडे कसं बघितलं असतं?" आणि त्या म्हाताऱ्यानं, ज्याला अख्खा बाजार वाकून नमस्कार करतो, त्यानं आपल्या धाकट्या सुनेला हात जोडले. ती "अण्णा, अण्णा" करत त्यांच्या पायाशीच बसली. ह्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. मी तर उघड रडत होते.

जरा वेळानं अण्णांनी नाक शिंकरलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "गोळ्या टाकायचीस कुठं?"

"माडीवरच्या कोरफडीत," कांचन म्हणाली. "मातीत खुपसून."

"तरीच!" अण्णा म्हणाले. "मी म्हणतोय, जगात कोरफड न मरणारी आणि ती तेवढी सारखी आजारी कशी!"

मी हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा. पोटात कळ आली, तरी हसले.

तपासण्यांचे निकाल एकामागून एक आले, सगळे स्वच्छ. मग तो दिवस ठरला. सकाळी कांचननं द्यायचं आणि काही तासांच्या आत माझ्यात सोडायचं, असं होतं. आणि त्या दिवशी काय व्हावं? रोज कोंबडा आरवावा तशी वेळेवर जाणारी ती बाई, तिला होईना!

कसं होणार बिचारीला? दाराबाहेर नर्स डबा तयार ठेवून उभी, तिच्यापलीकडे हे घड्याळ बघतायत, त्यांच्यापलीकडे अण्णा जप करतायत. सुनेनं एवढ्या माणसांच्या पहाऱ्यात काय करावं? ती बाहेर यायची, मान हलवायची, पुन्हा आत जायची. कोमट पाणी झालं. चहा झाला. कॉरिडॉरमध्ये फेऱ्या झाल्या. मला वरच्या मजल्यावर तयार करून ठेवलेलं, आणि ह्यांच्याकडून खबर यायची, अजून नाही. शेवटी अण्णांना राहवेना. ते नर्सच्या कानाशी लागून म्हणाले, "एक साधी गोळी दिली तर..."

बोलता बोलताच त्यांचं त्यांना कळलं. हे सांगतात, अण्णांनी स्वतःच्या तोंडावर स्वतःचा हात ठेवला आणि बाकावर जाऊन बसले.

मग नर्सबाईंनीच शहाणपणा केला. सगळ्या पुरुषांना खाली चहाला हाकललं, आणि कांचनला सांगितलं की तुमच्या जाऊबाईंनी निरोप दिलाय. निरोप मी खरोखरच दिला होता. मी म्हटलं होतं, तिला सांगा, घाई नाही, आजवर मी तिची वाट पाहिली नाही, आज बघते. ह्यांचा चहा संपायच्या आत नर्स डबा घेऊन लिफ्टकडे धावली.

पुढचं मला फारसं आठवत नाही. गुंगी होती. पण त्यानंतरची तिसरी सकाळ आठवते. मी जागी झाले आणि मला भूक लागली होती. भूक! खाटेशेजारी कांचन पेंगत होती. मी तिला हलवलं आणि म्हटलं, मला मऊ भात पाहिजे, वर मेतकूट आणि तूप.  ती धावत बाहेर गेली आणि कॉरिडॉरमध्ये तिचा आवाज आला. तिचा आवाज इतका मोठा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. "अण्णा, ताईंनी भात मागितला," एवढंच ती दोनदा म्हणाली.

ताप गेला. पीळ गेला. डॉक्टरांनी बजावलं, यापुढे गरज नसताना अँटिबायोटिक नाही, आणि गरज असली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. हे त्यांनी मला सांगितलं, पण बघत होते अण्णांकडे. अण्णांनी मान डोलावली. तो झोपाळा अजून आहे, पण त्याच्यापुढे हात पसरायची रीत त्या दिवसापासून मोडली ती मोडलीच. दुकानातही अण्णा लोकांना परत पाठवायला लागले. गिऱ्हाइकं रागवायची, म्हातारा हेकट झाला म्हणायची. अण्णा म्हणायचे, होय झालो.

घरी आले त्या दिवशी आळी जमली होती. उंबऱ्यात उभं करून कांचननंच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या काकूंनी विचारलं, "हिनं तुला काय दिलं म्हणे? रक्त का?" कांचननं माझ्याकडे असं पाहिलं, की मी म्हटलं, हो, रक्तच. तिनं शपथ घातली होती, तिच्या पोरीला शाळेत चिडवतील म्हणून. मग सगळ्यांसमोर मी तिला पाटावर बसवलं, माझ्या लग्नातला शालू काढला आणि तिची ओटी भरली. थोरलीनं धाकटीच्या पाया पडायचं नसतं, म्हणून ओटी भरताना मी जेवढी वाकता येईल तेवढी वाकले. तिच्या ते लक्षात आलं. तिनं माझे खांदे धरले आणि आम्ही दोघी बराच वेळ तशाच राहिलो, तांदूळ सांडत.

मग दोन-तीन वर्षांनी कांचनला निमोनिया झाला. सांगलीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, छाती भरलेली, आणि म्हणाले, हिला अँटिबायोटिक द्यायलाच हवं, उशीर नको. अण्णांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली, डॉक्टरांना फोन करून गोळीऐवजी पातळ औषध चालेल का विचारून घेतलं, आणि ऐंशीच्या घरातला तो माणूस गुडघे धरत माडी चढला. मी फुलपात्र घेऊन मागं.

"हे घ्यायचं पोरी," ते म्हणाले. "ह्या वेळी गरज आहे. आणि गिळल्यावर गाल दाखवायचे."

तिनं घेतलं, डोळे गच्च मिटून. मग तोंड उघडून लहान पोरीसारखे दोन्ही गाल दाखवले. अण्णांनी वाकून नीट पाहिलं आणि "शाब्बास" म्हणाले. कोर्स संपेपर्यंत ते रोज माडी चढले, आणि मी रोज तिच्यासाठी ताजं दही लावून नेलं.

अण्णा आता नाहीत. कांचनची मुलगी नर्सिंगला आहे. तिनं परवा वर्गात उभं राहून आपल्या आईनं काकूला काय दिलं ते सगळं सांगितलं म्हणे, आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. तिथून बातमी गावात पोचलीच, म्हणून मीही सांगून टाकते. रक्त नव्हे हो. रक्त तर कुणीही देतं.

ती कोरफड मी माडीवरून खाली आणलीय, तुळशीशेजारी ठेवलीय. जुनी माती बदलून टाकली. आता चांगली हात हात वाढलीय. सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेलं तांब्यातलं तिला घालते, आणि माडीकडे बघून हाक मारते, "कांचन, उठलीस का गं?"